अर्थिंगच्या खड्ड्याचं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाच्या दुष्काळात गुंडप्पा उदगीरहून आला आणि लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागला. मी लोहा गावचा, त्याच कॉलेजात वायरमन. प्रयोगशाळेमागचा अर्थिंगचा खड्डा मी खोदला होता. पुरुषभर खोल, सगळा मुरूम. तळाशी तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ, थरावर थर. यंत्रात उरलेली वीज त्या पत्र्यातून जमिनीत जावी म्हणून. माती ओली असेल तरच ती जाते.

यंत्र भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या विनीता मॅडमचं. काचेच्या नळीतल्या विरळ वायूत साठवलेली वीज एकदम सोडायची. पापणी लवायच्या आत वायू इतका तापे की कुठलाही थर्मामीटर तिथे टिकला नसता. म्हणून उष्णता मोजायची ती त्याच्या प्रकाशावरून. हा प्रकाश अतिनील आणि क्ष-किरणांचा, डोळ्यांना न दिसणारा. वाटेत हवा असली तर ती हा प्रकाश गिळून टाकते. त्यामुळे फिल्मची पोलादी पेटी आतली हवा काढून यंत्रालाच जोडलेली. फिल्मवर रेघा उठत. कुठल्या रेघा उठल्या ते बघून मॅडम वायू किती तापला ते सांगत.

पेटी उघडून फिल्म काढायचं काम गुंडप्पाचं. लाकडी दांड्याची तांब्याची आकडी खड्ड्याच्या तारेला बांधलेली असे. ती यंत्राला टेकवायची, मगच पेटीला हात. एकदा खड्डा वाळला होता, तेव्हा पेटीने त्याला भिंतीपर्यंत फेकलं. तेव्हापासून दाराशी गेला की त्याचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे जाई. मॅडमनी नियमच केला, खड्डा ओला नसेल तर यंत्र चालवायचं नाही.

रोज सकाळी गुंडप्पा खड्ड्यात घागर ओती. खड्डा गल्लीच्या कडेला. टँकर आधी नव्या कचेऱ्यांकडे जाई, गल्लीत उरलंसुरलं. रांगेतल्या बाया बघत बसत. खड्ड्याला कितवा महिना लागलाय, असं एकीने विचारलं आणि रांग हसली. तो मान खाली घालून काम उरकी. आत यंत्राची भीती, बाहेर गल्लीची.

एका सकाळी शेजारची सुमनबाई खड्ड्यावर झाकलेल्या फरशीवरच येऊन बसली. तिच्या नातीला जुलाब लागले होते आणि घरात पाणी नव्हतं.

"ओत बघू आज," ती म्हणाली. "लेकरू सुकून चाललंय अन् तू मातीला पाजून राहिलास."

मी मध्ये पडणार होतो. गुंडप्पाने मला मागे सारलं आणि घागर तिच्यापुढे ठेवली.

"ने. पण सुमनबाई, मला लई भ्या वाटतंय. हे वाळल्यावर आत गेलो तर मी परत येणार न्हाई."

आमच्याकडे गडीमाणूस असं बोलत नाही. सुमनबाईने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग घागर उचलून गेली.

त्या दिवशी यंत्र बंद राहिलं. संध्याकाळी सुमनबाई बादली घेऊन आली. नातीचे कपडे धुतलेलं पाणी. हे चालेल का, तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, मातीला काय, ओल मिळाल्याशी काम.

पोरगी सावरली. गल्लीतलं धुण्याचं पाणी खड्ड्यात येऊ लागलं, यंत्र पुन्हा सुरू झालं. गुंडप्पाची भीती मात्र गेली नाही. आकडी टेकवताना ठिणगी उडायची ती उडायचीच.

बादली रिती करून सुमनबाई प्रयोगशाळेच्या दाराबाहेर थांबू लागली. आत धडाका झाला की ती भिंत धरी. गुंडप्पा फिल्म घेऊन बाहेर येईपर्यंत हलत नसे.

"आलास?"

"हाव," तो म्हणे. मग ती घरी जाई.