निंबाबाईचे बारा दिवस

खालच्या खोलीत राहणारे भिला आप्पा आमच्या घरी आले की आधी निंबाबाईची चौकशी करत, मग आमची. दारात चपला काढायच्या, मोरीत जाऊन पाय धुवायचे आणि ओले हात पायजम्याला पुसत अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात अहिराणीत विचारायचं, "कशी शे व मनी निंबाबाई?" सगळं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचा एक कान कामातून गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. गोडादरा या आमच्या वस्तीतल्या शेजारणींना बरेच दिवस वाटत होतं की आमच्याकडे कुणी निंबाबाई नावाची आजारी आत्या राहायला आली आहे. समोरच्या काकू तर एकदा चार डाळिंबं घेऊन तिला बघायला आल्या. डाळिंबं आम्ही ठेवून घेतली.

निंबाबाई माझ्या कॉम्प्युटरमध्ये राहत असे. मी घरबसल्या साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करते, त्यामुळे आमचा कॉम्प्युटर जरा दणकट आहे. हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये कामाला असलेला माझा धाकटा भाऊ योगेश सुट्टीच्या दिवशी त्यावर कब्जा करून गेम खेळतो. हा गेम असा की सुरुवातीला दोघांतला एक जण निवडायचा आणि मग त्याच्या वतीने आपण जगायचं. फिरायचं, लढायचं, सोबती जोडायचे. एकीकडे दाढीवाला लोहार होता, दुसरीकडे पांढऱ्या केसांची एक काटकुळी पोरगी, हातात तिच्याहून उंच तलवार. योगेशने गंमत म्हणून पोरगी घेतली. गेमने तिचं नाव विचारलं तेव्हा चहा पीत बसलेले आप्पा म्हणाले, "टाक निंबाबाई. मनी मावशी व्हती. वाघले भ्याये नही."

पण ही निंबाबाई भीत होती. गेम सुरू होताच तिचं गाव जळतं. आई, बाप, लहान भाऊ, सगळे जातात. त्यानंतर कुठेही आग दिसली की तिचे हात थरथरतात, तलवार गळून पडते आणि तिचा एक डाव वाया जातो. आणि त्या गेममध्ये आग कोण ओकत नव्हतं ते विचारा. दरोडेखोर ओकत, पक्षी ओकत, चिखलातले बेडूकसुद्धा ओकत.

दुसऱ्या रविवारी योगेशने निकाल लावून टाकला. तो घराबाहेर गुजरातीत आणि घरात खिचडीत बोलतो. "आप्पा, आ नहीं चाले. हिरो कोण? जो लढेगा वो. ही बेडकाला घाबरते! मी हिला पुसून टाकतो आणि लोहाराला घेऊन नव्याने चालू करतो."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "थांब. तिना घरना मरीसन कितला दिन व्हयनात?"

असला प्रश्न योगेशला आजवर कुणी विचारला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात गेमची तारीख दिसे. मी मोजून सांगितलं, तिसरा दिवस.

आप्पा उभेच राहिले. "तिसरा दिन! राख गरम शे अजून, आनि तू पोरले बेडूक माराले धाडं? बारा दिन बठू दे तिले. मंग देख."

यावर अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. योगेशचं म्हणणं, लढाईच्या गेममध्ये कुणी सुतक पाळत नाही. आप्पांचं म्हणणं, म्हणूनच तिथे सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. शेवटी मेथी निवडत बसलेल्या आईने निवाडा दिला: बारा दिवस बसवायचं. त्यानंतर थरथर थांबली तर निंबाबाई राहील, नाही थांबली तर लोहार. आप्पांनी छाती ठोकून शर्त कबूल केली.

गेममध्ये एक मुक्कामाची खानावळ होती. आप्पा तिला धर्मशाळा म्हणत. तिथे झोपलं की एक दिवस पुढे सरकतो. निंबाबाई धर्मशाळेत बसली आणि आप्पांचा कारभार सुरू झाला. तिच्या झोळीत शक्ती भरून काढायला भाजलेलं मटण होतं. "सुतकमा मटन?" असं ओरडून त्यांनी ते योगेशला रस्त्यावर टाकायला लावलं. पाचव्या दिवशी राजाचा जासूद आला. आप्पा पडद्याकडे तोंड करून त्याला म्हणाले, "राजाले सांग, तेराव्वा व्हवू दे." दहाव्या दिवशी तिला नदीवर अंघोळीला नेलं. या भानगडीत सातव्या दिवशी एक महत्त्वाचा पूल शत्रूने घेतला होता आणि आठव्या दिवशी आमच्या सोबतीला आलेला तो लोहार, झोपाळू माणसाबरोबर मी लढत नाही, असं सुनावून निघून गेला होता.

योगेशने कपाळाला हात लावला. "ज्याला हिरो करायचं होतं ए ज जतो रह्यो!"

"सुतकमा सोडी गया," आप्पा शांतपणे म्हणाले. "असा मानूस कसाना हिरो?"

खरं सांगायचं तर हा मुद्दा मला तेव्हाच पटला होता. भावाला चिडवायचं म्हणून नव्हे, निदान सगळा तेवढ्यासाठी नव्हे.

तेराव्या दिवशी तोंड गोड करायचं म्हणून निंबाबाईला मधाची वडी खाऊ घातली आणि आम्ही चौघं पडद्यापुढे दाटीवाटीने बसलो. मेथी तशीच पडली होती. निंबाबाई चिखलात उतरली. बेडूक आला, त्याने आग ओकली. तिचे हात थरथरले आणि तलवार चिखलात पडली.

"आप्पा, शर्त," योगेश म्हणाला. त्याचा हात माउसवर होता.

आप्पांनी पडद्यावरच्या पडलेल्या तलवारीला बोट लावलं. मग ते बोलले ते इतक्या हळू, की त्यांच्याकडे असाही एक आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. "तुमनी काकी गयी, तवय तिसरे दिन मी मशीनवर उभा व्हतू. हात असाच थरथरेत. तार तुटे, मी जोडू, परत तुटे. माले कोनीच म्हनं नही, भिला, बठ."

काकींना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आप्पा खाली एकटे राहत आणि ते एकटे का, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला आणि खिडकीवरची कबुतरं उडाली. "थरथरू दे तिले! थरथरनारा मानूस काय मानूस नही का? बठनी ना ती बारा दिन! आते थरथरत लढीन!"

योगेशने माउसवरचा हात काढून घेतला. निंबाबाई पुसली गेली नाही. पूल हातचा गेल्यामुळे पुढचे कित्येक रविवार आम्ही बेडकांनी बुजबुजलेल्या दलदलीतून लांबच्या वाटेने गेलो. दर लढाईत तिची तलवार पडे, दर वेळी आप्पा म्हणत, "थरथरू दे," आणि योगेश दात-ओठ खात पुढच्या डावाची वाट बघे. दलदल संपली तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. समोरच्या काकूंनी आत्याला आराम पडला म्हणून देवाचे आभार मानले.

गेल्या थंडीत आप्पा मुलाकडे गावी गेले आणि तिथेच गेले. फोन आला तेव्हा योगेश ड्युटीवर होता आणि मी कामात. आप्पा आमचे भाऊबंद नव्हते, तेव्हा आम्हाला सुतक नव्हतं. लग्नसराईच्या साड्यांची घाई होती, योगेशला रजा मिळण्यासारखी नव्हती, सगळं नेहमीसारखं चालू राहिलं. तिसऱ्या दिवशी मी एका पदरावर मोर बसवत होते. माउस सारखा घसरत होता. चौथा मोर उलटा बसला, म्हणून मी तो पुसला, तर पाचवाही उलटा. मग मला पडदाच नीट दिसेना.

योगेश ड्युटीवरून आला होता. त्याने मोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बठ," तो म्हणाला.

ज्याच्या तोंडून अहिराणीचा शब्द कधी निघत नाही तो माझा भाऊ. त्याने मोर बाजूला सारले, गेम उघडला आणि निंबाबाईला सगळ्यात जवळच्या धर्मशाळेत नेऊन बसवलं. "आज एकच दिवस," म्हणाला. मग रोज संध्याकाळी येऊन तो तिचा एकेक दिवस पुढे सरकवू लागला आणि तेवढा वेळ मी त्याच्या शेजारी काही न करता बसू लागले. राजाचा जासूद दोनदा आला. दोन्ही वेळा योगेशने त्याला हाकललं.

तेराव्या दिवशी आईने शिरा केला. निंबाबाईने मधाची वडी खाल्ली आणि बाहेर पडली. पहिल्याच वळणावर बेडूक होता. त्याने आग ओकली, तिचे हात थरथरले, तलवार पडली.

"थरथरू दे," योगेश म्हणाला, आणि आम्ही दोघं तिच्या पुढच्या डावाची वाट बघत बसलो.