तुमचं तुम्ही बघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही. दातांपासून करतो.

माझे दात तपकिरी आहेत. आमच्या घरच्या बोअरच्या पाण्याची मेहरबानी. मुलगी बघायला गेलो की तोंड मिटून बसायचो. पण नाव विचारल्यावर सांगावं तर लागतंच ना? मी दूध सोसायटीत सेक्रेटरी, महिन्याला पगार, तरी मुली नको म्हणायच्या. आणि सोबतीला नेलेला शेजारचा महादेव... तिथल्या बायका त्यालाच नवरदेव समजायच्या. उंच, नाकेला, हसला की बघत राहावं असा. लई जळायचो मी.

त्याची अडचण उलटी. कोरडवाहू तुकडा, दोन म्हशी आणि साखर कारखान्यावर हंगामापुरतं काम. मला मुली नाकारायच्या, त्याला मुलींचे बाप.

मग एका वर्षी दुष्काळात ऊस जळाला, कारखाना सुरूच झाला नाही. आणि नेमकं तेव्हाच नांदूरघाटकडच्या एका मुलीनं महादेवला हो म्हटलं — घरच्यांशी भांडून. आता फक्त चौकशी राहिली होती.

चौकशी म्हणजे काय, तर मुलीचा मामा न सांगता गावात येतो आणि चार लोकांना विचारतो. अशा वेळी सगळे मुलाचं चांगलंच सांगतात. वाईट कुणीच बोलत नाही. ज्याला सोयरीक मोडायची असते तो एवढंच म्हणतो — तुमचं तुम्ही बघा. पाहुणे काय समजायचं ते समजतात.

मामा सोसायटीतच आले. म्हणाले, "पोरगा दिसायला झ्याक हाय. पन कारखाना बंद, खायाचं काय?"

सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोवर महादेवला घ्यायचं आदल्याच दिवशी बैठकीत ठरलं होतं, त्याला अजून कळवायचं होतं. बारमाही काम. एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं — खरंच आलं होतं. मी चहाचा कप पुढं सरकवला आणि म्हणालो, "आपुन काय सांगावं, पावणं? तुमचं तुमी बघा."

त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

खोटं बोललो का मी? एक शब्दही नाही. मुलीनं हो म्हटलं तरी त्या देखण्या तोंडालाही नकार मिळावा, एवढंच मला हवं होतं. मिळाला. संध्याकाळी महादेव माझ्याच ओट्यावर येऊन बसला. "नुसत्या तोंडाला कोण पोरगी देतं, बे? कमाई कुठंय?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो, ठेवला.

पुढच्या वर्षी माझं जुळत आलं. माझे सासरे चौकशीला आले ते टेम्पो धुणाऱ्या महादेवलाच भेटले. तो काय म्हणाला ते त्यांनी मला लग्नानंतर कौतुकानं सांगितलं. "दातांवर जाऊ नका, पावणं. ह्यो मानूस कुनाचं वाईट करनार न्हाई. डोळे झाकून पोरगी द्या."

त्यांनी दिली.

महादेवनं पुन्हा कुठलं स्थळ पाहिलं नाही. माझी पोरं त्याला काका म्हणतात. आज सकाळीही त्यानं सोसायटीपुढं टेम्पो लावला, कॅन उतरवले आणि रोजच्यासारखं विचारलं, "वैनी बरी हाय का, बे?"

मी म्हणालो, बरी हाय.