दादाच्या गाडीचा खरा वेग

दादा दवाखान्यात बेशुद्ध पडलेला, आणि त्याच्या अपघाताचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. वडीगोद्रीजवळ वळणाऱ्या ट्रकवर त्याची मोटारसायकल आदळली होती. व्हिडिओत तो सुसाट येतो आणि ट्रकखाली जातो. ट्रकवाल्याची माणसं म्हणत होती, "मरायलाच आल्ता तो!"

वहिनीनं दवाखान्याच्या व्हरांड्यात मोबाईल माझ्यापुढं धरला. "भावजी, हे इतक्या जोरात कधीच चालवत न्हाईत हो."

माझं अंबडला लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं दुकान आहे. दिवसभर चित्रंच बघतो, पण भावाचं पडणं बघवेना. म्हणून नजर कडेच्या टपरीवर ठेवली. चहावाल्यानं कप भरला तो पापणी लवायच्या आत. रस्त्याकडेची म्हातारी काठी टेकत तुरुतुरु पळाली. एकटा दादाच न्हाई, सगळेच पळत होते.

व्हिडिओ दुकानाच्या कॅमेऱ्यातला होता, आणि असले कॅमेरे सेकंदाला थोडीच चित्रं घेतात. तीच कुणी लग्नाच्या फिल्मसारखी सेकंदाला पंचवीस लावली, की सगळं दुपटीनं धावतं. कुणी मुद्दाम केलं की अडाणीपणानं, ते आजही ठाऊक न्हाई.

मूळ चित्रण त्या टपरीसमोरच्या हार्डवेअरवाल्या शेठजींकडं होतं. मी तसाच निघालो. शेठजी म्हणाले, "भाऊ, जल्दी करा. जागा भरली की मशीन जुनं पुसून टाकतं."

मी लगेच मशीनपुढं बसून तारखा शोधल्या. अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंतचं सगळं पुसलं गेलं होतं. अपघाताचा दिवस मात्र शिल्लक होता, आणि चित्राच्या एका कोपऱ्यात चालतं घड्याळही होतं. फिरत्या व्हिडिओत तो कोपरा कापलेला होता.

ती फाईल घेऊन माझ्या दुकानी आलो आणि शटर अर्धं ओढलं. दोन चित्रांच्या मधली चित्रं आपोआप बनवून देणारी सॉफ्टवेअरची सोय बंद केली. कॅमेऱ्यानं जे पाहिलं न्हाई, ते आपण कसं दाखवायचं? फक्त प्रत्येक चित्र त्याच्या खऱ्या वेळेइतकं थांबवलं आणि घड्याळाशी बराबर जुळवलं. काम संपलं, पण बटण दाबायचा धीर होईना. हा खरंच जोरात असला तर? मंग वहिनीला काय सांगू?

दाबलं. म्हातारी सावकाश चालली. दादा आला, साधा, बाजारातून घरी येणाऱ्या माणसासारखा. ट्रक इशारा न देता वळला. दादानं ब्रेक मारला, थांबायला पाय खाली टेकवला. तो पाय बघून मी तोंडावर हात दाबला.

मूळ फाईल आणि माझी फाईल, दोन्ही मी हवालदारांना दिल्या. त्यांनी दोनदा पाहिलं. "घड्याळ हाय म्हणून बरं," एवढंच बोलले आणि शेठजींचा जबाब घ्यायला निघाले. पुढं गुन्हा ट्रकवाल्यावर नोंदला गेला, पण तोवर ट्रकवाल्याच्या माणसांचे घरी फोन येत राहिले, "मिटवून घ्या" म्हणून. प्रत्येक रिंगला वहिनी दचकायची.

दादा शुद्धीवर आला. त्याला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. पहिल्यांदा नीट बोलला तेव्हा मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "लोक म्हणू राह्यलेत ते खरं हाय का रे? मी जोरात होतो?"

"न्हाई दादा. बिलकुल न्हाई."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. पाठ हलत होती. मी तिथंच बसून राहिलो.