अंगठा चौकटीबाहेर

रविवार, ९ मार्च २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. मुलुंडच्या आमच्या घरात, हॉलमधल्या टीव्हीच्या पाठीमागे मी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसले होते. वडिलांची स्कूटर माझ्या चुकीमुळे गावी गेली, हे मला तिथे कळले.

मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी कोणताही नमुना हातात घेण्याआधी यंत्र तपासायचे, हा तिथला पहिला नियम. चार महिन्यांपूर्वी मी व्हिडिओ गेम खेळण्याचा कन्सोल विकत आणला, तेव्हा हा नियम मी घरीही पाळला होता. आमचा पंचावन्न इंची टीव्ही मालिका आणि क्रिकेटसाठी घेतलेला. त्याच्या रिमोटवरचे प्लास्टिक अजून निघालेले नाही आणि ‘सेटिंगला हात लावायचा नाही’ ही आईची सक्त ताकीद. तरीही मी हात लावला. असे टीव्ही चित्र सुबक करण्यात क्षणाचा काही भाग घालवतात. मालिका पाहताना ते जाणवत नाही. खेळताना मात्र बटण आत्ता दाबावे आणि पडद्यावरची गाडी जराशाने हलावी, असे होते. त्यासाठी टीव्हीत ‘गेम मोड’ असतो. तो मी सुरू केला. मग सेकंदाला दोनशे चाळीस चित्रे, म्हणजे फ्रेम, टिपणाऱ्या फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने स्वतःचीच चाचणी घेतली: पडद्यावर हिरवा दिवा लागल्यापासून शर्यतीची गाडी हलेपर्यंत किती फ्रेम जातात? अडुसष्ट. वहीत तारीख घालून लिहिले.

बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. ‘बघूया तरी’ म्हणून त्यांनी कंट्रोलर हातात घेतला आणि आठवड्याभरात मला हरवू लागले. आनंदात असले की बाबा मालवणीत येतात. “काय गो, शास्त्रज्ञीण, झोपलंस काय?” असे म्हणत ते मला वळणावर मागे टाकत.

जानेवारीच्या सुरुवातीला सेट-टॉप बॉक्स बदलायला माणूस आला. त्याने कन्सोलची वायर टीव्हीमागच्या पहिल्या खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली आणि पहिल्या खाचेत बॉक्सची. आमचा टीव्ही प्रत्येक खाचेसाठी वेगळी सेटिंग ठेवतो. गेम मोड पहिल्या खाचेत राहिला. हे कोणालाच कळले नाही. मी तर परदेशी विद्यापीठांच्या अर्जांत बुडालेली, दोन महिने कंट्रोलरला हातही लावला नव्हता. बाबा मात्र रोज दुपारी खेळत आणि आता रोज कठड्यावर आदळत.

“ही गाडी माझा ऐकना नाय,” ते एकदा म्हणाले.

प्रयोगशाळेत सहकाऱ्याने हेच म्हटले असते, तर मी आधी यंत्र तपासले असते. घरी मी माणूस तपासला. कॅमेरा पडद्यावर रोखला, हिरव्या दिव्यापासून गाडी हलेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. एकशे तीन. माझ्या नोव्हेंबरच्या आकड्याशेजारी मी तो लिहिला आणि माझ्या मुलाखतीच्या तयारीत मिळालेली सारी स्पष्टता वापरून निष्कर्ष सांगितला:

“बाबा, तुमची प्रतिक्रिया माझ्या दीडपट उशिरा येते. चाळीसच्या वेगात तेवढ्या जास्तीच्या वेळात स्कूटर दीड मीटर पुढे गेलेली असेल.”

“दीड मीटर म्हणजे केवढं गं?” आईने विचारले.

बाबांनी सोफ्यापासून हात लांबवून टीपॉयच्या पलीकडची कड दाखवली. “एक माणूस मावेल एवढं,” ते म्हणाले. मालवणीत नाही.

पंधरा दिवसांत स्कूटर टेम्पोतून गावी काकांकडे रवाना झाली. आई शिवणवर्गात शिकवते. वर्ग चढावर आहे आणि तिचे गुडघे दुखतात. रोज सकाळी बाबा तिला सोडत. निवृत्तीनंतर त्यांना ठरल्या वेळी करायचे एवढेच काम उरले होते. आता ते तिची पिशवी घेऊन रिक्षा मिळेपर्यंत नाक्यावर उभे राहत आणि चालत परत येत. मी त्यांना एकदाही विचारले नाही. मला माझा आकडा योग्य वाटत होता.

त्या रविवारी मुलाखती आटोपल्या म्हणून मी खेळायला बसले. गाडी माझेही ऐकेना. मी पुन्हा कॅमेरा लावला. या वेळी पडद्यासोबत माझा अंगठाही चौकटीत घेतला. अंगठा बटणावर टेकल्यापासून गाडी हलेपर्यंत अडतीस फ्रेम. टीव्हीमागे जाऊन पाहिले तर कन्सोलची वायर दुसऱ्या खाचेत; ती पहिल्या खाचेत घातली, पुन्हा मोजले: बारा. सव्वीस फ्रेम टीव्हीच्या होत्या आणि मी त्या बाबांच्या नावावर टाकल्या होत्या. एकशे तीनमधून सव्वीस गेले, सत्त्याहत्तर. साठ वर्षांच्या माणसाला हा आकडा शोभून दिसेल असा.

बाबा ओट्यापाशी बांगडे साफ करत होते. मी दारात उभी राहून सगळे सांगितले; वायर, खाच, अंगठा.

“म्हणजे महिनाभर मी रिक्षावाल्यांची बोलणी खाते ती तुझ्या त्या मशीनपायी?” आई म्हणाली.

“मशीनची चूक नाही. माझी आहे. ते मला सांगत होते, गाडी ऐकत नाही म्हणून.”

बाबांनी हात धुतले. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

“काकांना आत्ता फोन करते,” मी म्हणाले. “स्कूटर परत मागवू.”

“आधी मोज,” ते म्हणाले. “नीट मोज.”

ते सोफ्यावर बसले. मी पडदा आणि त्यांचा अंगठा दोन्ही चौकटीत घेतले, वहीत पेन्सिलीने सत्त्याहत्तर लिहून ठेवले. हिरवा दिवा लागला, गाडी सुटली. मग आम्ही दोघांनी चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. त्यांचा अंगठा अगदी वेळेवर खाली आला. बटणाच्या वर, केसभर अंतरावर, तो थांबला. तिथेच राहिला. मग टेकला.

“इथे का थांबलात?”

“खात्री करून घेतली,” बाबा म्हणाले. “खरंच हिरवा आहे ना, ते.”

“पूर्वी घेत नव्हता.”

“पूर्वी तू मोजलं नव्हतंस.”

स्वयंपाकघरातून आईने विचारले, “काय ठरलं? येते का गाडी?” बाबांनी वहीकडे बोट केले आणि मला म्हणाले, “लिही. आलाय तोच लिही.”

मी पेन्सिलीचा आकडा खोडला आणि त्याच्या जागी पेनने लिहिला: चौऱ्याण्णव.