आनंदा, इग्निशन आणि बंद केलेले बोंबील

आमच्या बेटेगावच्या चाळीत आनंदाकडे चहाला जायचं तर सवड काढून जावं. हा गृहस्थ गॅस पेटवण्याआधी खिडकी उघडतो आणि घड्याळाकडे बघत दोन मिनिटं नुसता उभा राहतो. तेवढ्यात पाहुण्याला चहाचा नाद सोडावासा वाटतो.

माणूस सांगलीकडचा. बोईसरच्या एका कापड कारखान्यात बॉयलरवर अकरा वर्षं मदतनीस. बॉयलर सगळा त्याच्या हातचा, पण सर्टिफिकेट नाही. म्हणून पेटवताना शेजारी सर्टिफिकेटवाला लागतो. तो उभा राहतो आणि मोबाइल बघतो. आनंदाला हे फार खुपायचं.

गेल्या वर्षी तो परीक्षेला बसला. लेखी निभावली. तोंडीला साहेबांनी विचारलं, "इग्निशन म्हणजे काय?"

"रोज करतो, साहेब."

"करता हो. पण म्हणजे काय?"

आनंदानं हवेतच काडी ओढून दाखवली. नापास.

घरी त्याची बायको वर्षाराणी म्हणाली, "अवो, अकरा वर्सं ज्याच्यासंगं काढली त्याचा अर्थ ठावं न्हाई? माझा तरी सांगता येईल का?"

आनंदानं त्याच दिवशी पण केला: पास होईपर्यंत बोंबील बंद. नवापूरहून मासळी घेऊन येणारी मैनाबाई दारात म्हणाली, "आनंदा, परीक्षा तुजी आन् उपास माज्या टोपलीला?" तो बधला नाही. मग वर्षाराणीनं वाचनालयातून जाडजूड शब्दकोश आणला आणि भाकरी थापता थापता त्याची उजळणी सुरू केली.

"इग्निशन म्हंजे पेटवणं. आग न्हवं, आग धरवायची क्रिया. मूळ लॅटिन. तिकडं आगीला 'इग्निस' म्हंतात. आपला 'अग्नी' न् ती एकाच घराण्यातली."

"म्हंजे पावणीच की आपली."

"मग पावणीला घाबरताय कशाला?"

यंदाच्या तोंडीत पुन्हा तोच प्रश्न आला. आनंदानं अर्थ सांगितला आणि न थांबता लॅटिनमधल्या पाहुणीपर्यंत पोचला. साहेबांनी हात वर केला. "कुळी नको. पेटवायच्या आधी काय करता ते सांगा."

आता आनंदा खुर्चीत सावरून बसला. "आधी पंखा लावून भट्टीतला कोंडलेला गॅस बाहेर काढायचा, साहेब. पाच मिनिटं, घड्याळ लावून. एकदा पेटलं न्हाई तर लगेच दुसऱ्यांदा ठिणगी द्यायची न्हाई, पुन्हा पाच मिनिटं. मागं उभा असलेला मालक का असंना, थांबायचं."

"कुणी शिकवलं?"

"आईनं, चुलीवर. म्हणायची, आधी धुराला वाट दे, मग आगीला बोलाव."

साहेबांनी पेन उचललं. कागदावर सही केली.

आनंदा घरी आला तो मैनाबाईला गाठूनच. तव्यावर बोंबील पडायच्या आधी वर्षाराणी हातात काडी धरून उभी राहिली. आनंदानं खिडकी उघडली, घड्याळ बघितलं. दोन मिनिटं सरली तशी ती म्हणाली, "पेटवू का, साहेब?"

त्या उघड्या खिडकीतून निघालेल्या वासानं सगळ्या चाळीला निकाल कळला.