बाजूच्या सीटचं वजन

"साईं, बाजूला कोण बसतं?"

उल्हासनगरच्या त्या गाळ्यावर गाडी घेऊन गेलात की मास्तरांचा पहिला प्रश्न हाच असायचा. तुम्ही गाडीचे शॉक, म्हणजे धक्के झेलणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, बदलायला आलेले. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून डोक्याचा भुगा करून घेतलेला, कुठले घ्यावेत, किती कडक घ्यावेत, लाल की पिवळे. आणि हा माणूस विचारतोय, बाजूला कोण बसतं. उत्तराची वाट न बघता डावं दार उघडून स्वतःच आत बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चला, खड्ड्यातून घ्या." आमच्याकडे खड्डे शोधत फिरावं लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

मास्तर मूळचे बदलापूरकडचे, शेतकरी घरातले. पण अख्खी हयात सिंधी व्यापाऱ्यांच्या शेजारी धंदा केलेला, त्यामुळे समोर येईल तो 'साईं'. मी साईं, टेम्पोवाला साईं, पावती फाडायला आलेला हवालदारसुद्धा साईं. 'मास्तर' हे नाव त्यांना कुणी दिलं कोण जाणे. शाळा त्यांनी सातवीत सोडली होती आणि ते अभिमानाने सांगायचेही.

मी अंबरनाथ पश्चिमेला राहतो, कारखान्यात क्वालिटी बघतो, आणि पंचेचाळिशी उलटली तरी रविवारी मातीत गाडी पळवतो. मोकळ्या मैदानावर चुन्याने वळणं आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. बक्षीस म्हणजे एक पितळी कप. बायको याला 'खाज' म्हणते. मी वाद घालत नाही. शर्यतीत बाजूला बसून वळणं सांगायला एक माणूस लागतो, तो माझा मेहुणा. म्हणजे बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. यातला धोका तुमच्या लक्षात आला असेल.

पहिल्यांदा मी कुणालाही न विचारता सगळ्यात कडक शॉक मागवले. लालभडक होते. एका रविवारी मेहुण्याची कंबर अशी धरली की तीन दिवस तो आमच्याच दिवाणावर पालथा पडून होता आणि घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. तेव्हा मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी ते लाल शॉक हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"कडक, कडक काय करता? पापड आहे का?" ते म्हणाले. "चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. त्याच्या हातात स्टीअरिंग असतं, तो धरून बसतो. बाजूवाला काय धरणार? शॉक त्याच्यासाठी घ्यायचा असतो, साईं."

मग मऊ घ्यावेत का, विचारलं तर त्यावरही फटकारलं. "मऊ म्हणजे होडी. डुलून डुलून उलटी होते माणसाला. गाडी खड्ड्यात दबते तेव्हा लागत नाही, उसळून परत वर येते ना, तेव्हा लागतं. ती वर येताना तिला धरणारा शॉक पाहिजे." शेवटी त्यांनी मला परदेशी शॉकची जोडी निवडून दिली. वर एक चकती होती. ती फिरवली की खट् वाजायचं आणि शॉक एक घर कडक किंवा मऊ व्हायचा. यायला दीड महिना लागला. मी रोज फोन करायचो, ते रोज न चिडता सांगायचे, "जहाजात आहेत, साईं. मी ढकलू का?"

ती चकती कितीवर ठेवायची हे ठरवायची त्यांची एक रीत होती. बाजूच्या सीटवर वाळूची गोणी ठेवायची, बसणाऱ्याच्या बरोबर वजनाची, आणि जांभूळ गावाच्या पुढच्या कच्च्या वाटेवर एकट्याने फेऱ्या मारायच्या. माणूस कशाला नाही बसवत, विचारलं तर म्हणाले, "माणूस भिडस्त असतो. दुखलं तरी बरंय म्हणतो. गोणी खोटं बोलत नाही." गोणी कलंडली, सरकली, उडाली की चकती एक घर इकडे, एक घर तिकडे. माझ्या मेहुण्याने फोनवर स्वतःचं वजन सत्तर सांगितलं. शर्यतीत गाडी प्रत्येक वळणाला डावीकडे झुकली, आमचा नंबर शेवटून दुसरा. मास्तरांनी त्याला बखोट धरून शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी. तेव्हापासून त्यांनी कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवला नाही. आलेल्या प्रत्येकाला आधी काट्यावर चढवायचे, बायकांनासुद्धा. त्यातून दोन-तीनदा भांडणंही झाली.

त्यांच्या घरच्यांना मी वहिनी म्हणायचो. बदलापूरच्या फ्लॅटवर दोनचारदा जेवलोय. बाई कमी बोलायच्या. मास्तर बोलायचे आणि त्या मान हलवायच्या, पण आमटीत मीठ कमी पडलं तर मास्तरांची बोलती बंद व्हायची एवढा त्यांचा वचक होता. गेल्या वर्षी वहिनींची पाठ दुखायला लागली. सगळे म्हणाले वय झालं, मीही म्हणालो. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की कॅन्सर आहे आणि तो मणक्यात उतरलाय.

शेक द्यायचे ठरले. मशीनचे, म्हणजे रेडिएशनचे, सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. तेही मुंबईला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की याने बरं वाटेल, बऱ्या होणार नाहीत. वहिनींना बसवत नव्हतं, तेव्हा रेल्वेचा प्रश्नच नव्हता. मास्तरांनी आपल्या जुन्या गाडीची डावी सीट पूर्ण मागे पाडली, उशा लावल्या आणि त्यांना उचलून त्यात ठेवून रोज न्यायला लागले. बदलापूर ते मुंबई रस्ता कसा आहे ते तुम्ही जाणता. प्रत्येक धक्का मणक्यात जायचा. वहिनी ओरडायच्या नाहीत. पदराचा शेव दातांत धरायच्या.

"ओरडली असती तर बरं झालं असतं," मास्तर मला म्हणाले होते. "कुठे लागतंय ते तरी कळलं असतं. अख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही. घरी आल्यावर बघतो तर पदर चावून चावून फाटलेला."

आणि मग या माणसाने, आयुष्यभर लोकांना 'मऊ म्हणजे होडी' सांगणाऱ्या माणसाने, तीच चूक केली. मिळतील तेवढे मऊ शॉक घातले. गाडी नुसती डुलायला लागली. वहिनींना मुंब्र्यापर्यंत दोनदा उलटी झाली, आणि उलटीच्या उमाळ्याने पाठीत जी कळ गेली ती धक्क्यांपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाळ्यावर गेलो तर मास्तर ते शॉक काढून बाजूला टाकत होते. "नवशिक्यागत वागलो," एवढंच म्हणाले. माझ्या गाडीत होती तशीच जोडी त्यांनी मागवली होती. ती यायला दीड महिना होता. शेक संपायला पाच आठवडे उरले होते.

आता माझं सांगतो. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या. माझी त्यांनीच शोधून दिलेली. माझे शॉक त्यांच्या गाडीला जसेच्या तसे बसले असते. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. ते मागणार नाहीत हेही मला पक्कं माहीत होतं. आणि तीन रविवारांवर शर्यत होती. मी मनाशी म्हटलं, तेवढी होऊ दे, मग देऊ. रोज कामावर जाताना त्यांची गाडी उलट दिशेने जाताना दिसायची, समोरच्या काचेतून डावीकडची उशी दिसायची, आणि मी हात करायचो. तेही करायचे. शर्यत झाली. मी सातवा आलो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचं मशीन दुरुस्तीला बंद होतं, शेक नव्हता. सकाळीच सुट्टी टाकून मी गाडी गाळ्यावर लावली आणि म्हटलं, "काढा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पान्हा घेऊन खाली बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

बसवून झाल्यावर त्यांनी गोणी काढली. मी म्हटलं, वहिनींचं वजन फायलीवर लिहिलेलं असेल, तेवढी वाळू भरू. काटा शेजारीच होता.

"फाईल मी बघत नाही," ते म्हणाले.

त्यांनी गोणी दोन्ही हातांवर घेतली, एक हात मानेखाली आणि एक गुडघ्याखाली घालावा तशी, आणि तशीच धरून उभे राहिले. डोळे मिटलेले. मग खाली ठेवली, तोंड सोडलं, दोन ओंजळी वाळू बाहेर काढली. परत उचलली. परत ठेवली, आणखी एक ओंजळ काढली. रोज सकाळी वहिनींना उचलून गाडीत ठेवणारे ते हात, ते बरोबर सांगत होते. असं पाच-सहा वेळा झालं. जमिनीवर वाळूचा ढीग वाढत गेला. शेवटी त्यांनी मान हलवली आणि गोणी माझ्याकडे दिली. ती मी एका हाताने धरू शकलो. मास्तर वाळूकडे बघत म्हणाले, "गेल्या आठवड्यापेक्षा कमी आहे, नाही का?" मी गेल्या आठवड्यात नव्हतोच. म्हणजे ते हे दर आठवड्याला करत होते.

जांभूळकडे आम्ही दुपारपर्यंत फेऱ्या मारल्या. एक घर कडक, दोन घरं मऊ. गोणी हलायची थांबली तेव्हाच ते थांबले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसून गेलो. शिळफाटा ओलांडला आणि वहिनींच्या दातांतून पदर सुटला. मला वाटलं काही झालं. वाकून बघितलं तर त्या झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं. मास्तरांनी एकदा डावीकडे बघितलं आणि मग मुंबईपर्यंत बघितलं नाही. हॉस्पिटलचं गेट आलं, गेलं.

"मास्तर, गेट गेलं," मी हळूच म्हणालो.

"माहितीये."

त्यांनी वळसा घातला, गेट पुन्हा आलं आणि पुन्हा गेलं. असे चार वळसे. नंबर हुकला, दुपारपर्यंत ताटकळलो, तिथली बाई आम्हाला वाट्टेल ते बोलली. मास्तर तिला "बरोबर आहे, साईं" म्हणत होते.

त्यानंतर वहिनींच्या फक्त चार फेऱ्या झाल्या. मग त्या अंथरुणावरून उठल्याच नाहीत. मी लगेच शॉक दिले असते तर आणखी पंधरा फेऱ्या त्यांनी झोपून केल्या असत्या. हा हिशोब मी कुणाला सांगितलेला नाही. मेहुण्यालाही नाही.

मास्तर आता इथे नसतात. त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. गाळ्यावर आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि शॉकचं विचारायला कुणी आलंच तर तिथे बसणारा पोरगा खांदे उडवतो.

वहिनींना नेलं ती सकाळची वेळ होती. हिरवी साडी, मळवट भरलेला. शववाहिनीत दोन्ही बाजूंच्या बाकांवर आम्ही सहाजण आणि मध्ये पत्र्यावर तिरडी. गाडी सुरू झाली तसे मास्तर बाकावरून उठून खाली बसले. कुणीतरी म्हणालं, वर बसा, त्यांनी ऐकलं नाही. मला वाटलं जवळ बसायचंय, बसू दे. पुढे रस्ता खोदलेला होता. गाडी आदळत होती, बाकांवरचे आम्ही दांडे धरून होतो. त्या गाडीचे शॉक पार गेलेले होते, मला बसल्या बसल्या कळत होतं, म्हणजे त्यांना कळतच असणार.

स्मशानात सगळं रीतीप्रमाणे झालं. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि मला दिसलं, उजव्या पंजाची मागची बाजू सोलवटली होती, बोटांच्या पेरांवर रक्त. अख्ख्या वाटेत तो हात वहिनींच्या डोक्याखाली, बांबू आणि पत्र्याच्या मध्ये होता.

मी रुमाल काढला. म्हटलं, "मास्तर, हात बघा."

त्यांनी हाताकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. आपल्याकडूनच थोडंफार शिकलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"तिला लागलं नाही ना कुठे?"

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."