शेंदराखालचा आकडा

अकोल्याला जायचं ठरवलं ते रागाच्या भरातच. महायुद्ध संपून बारा वर्षं झाली होती. लष्करी लिलावात घेतलेली माझी जीप अमरावतीच्या अंगणात उभी होती. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, तडकलेलं. गुलाबराव मिस्त्रींनी दुसरं बसवून दिलं, बोल्टाला बोल्ट जुळला, पण चढ आला की इंजिन आतून कोणी हातोडे मारावेत तसं ठोकायचं. तिकडे शेंदूरजनाघाटला माझी पेशंट गिरजा. बाळ आडवं, दिवस भरत आलेले आणि तिच्या मळ्यापर्यंत सर्व्हिसची मोटार जात नाही, जीपच हवी. मी गुलाबरावांना भर रस्त्यात चोर म्हटलं, तसंच दुसरं आणायला जुनं हेड पोत्यात बांधलं आणि सकाळची मोटार धरली.

तुम्हीही जाणार असाल तर मूर्तिजापूरला आलूबोंडा खा, चहा टाळा. नुसता पाक असतो. कंडक्टरने पोत्याला पाय लावला. "बाई, धोंडा घेऊन चालल्या काय माहेरी?" मी पोतं जवळ ओढलं. माझं मनातलं भांडण गुलाबरावांशी चालू होतं.

अकोल्यात स्टेशनामागे लष्करी भंगाराचा बाजार भरतो. तिथे हेडांच्या राशीवर भंगारवाले युसूफभाई बसलेले.

"काहून बाई, मालक नाई आले?"

"जीप माझी आहे. चालवतेही मीच."

"हौ का? मंग हेडाचा नंबर सांगा."

"कसला नंबर?"

ते शेजारच्याकडे वळून हसले. "गाडी चालवते म्हन्ते, नंबर मालूम नाई!"

मग त्यांनी पोतं उघडलं. हेडवर शेंदराचा जाड थर होता, दर दसऱ्याला तेलात कालवून मी स्वतः फासलेला. त्यांनी पटाशी घेतली आणि खरवडायला लागले. हळूहळू लोखंडात ओतलेले आकडे वर आले.

"हे पाहा. कमी दाबाचं हेड. जास्त दाबाचं असंच दिसते, भोकंबी सारखी. पन आपल्या हलक्या पेट्रोलवर ठोकते. आकडा पाह्यल्याबिगर कोनाले समजत नाई. तुमच्या मिस्त्रीनं खरवडलं काहून नाई?"

खरवडणारच होते ते. मीच ओरडले होते, "देवाचं आहे, हात लावू नका!"

चाळीस रुपयांत त्याच आकड्याचं हेड मिळालं. "हेडाखालचं पॅकिंग नवंच टाका," हा सल्ला वर फुकट. परतीच्या मोटारीत राग तेवढाच होता. फक्त तो काढायला आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

गुलाबरावांनी दुकानात आकड्यावरून अंगठा फिरवला. "म्या म्हटलं होतं न बाई, खरवडू द्या?"

"हो. चुकलं माझं."

"तो पाना द्या."

संध्याकाळपर्यंत मी पाने देत राहिले.

दुसऱ्या दिवशी जीप चढावर एकदाही ठोकली नाही. गिरजाला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. मायलेकरं दोघंही वाचली.

आता दसऱ्याला शेंदूर बोनेटवर लावते. प्रसादाला गुलाबरावांना बोलावते, ते येत नाहीत. चोर म्हटलं होतं भर रस्त्यात. माफी मागितली ती दुकानाच्या आत.